हिंगण्यातलं रोलरचं वर्कशॉप चंद्रपूरला न्यावं का? तिथं धंदा केलेल्यांनी सांगा

रोलरवाला, हिंगणा

नमस्कार मंडळी. हिंगणा एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. कोळसा, चुनखडी, क्लिंकर वाहणारा रबरी पट्टा ज्यांच्यावरून फिरतो ते कन्व्हेयरचे रोलर आम्ही बनवतो. बाबांनी १९९४ साली भाड्याच्या गाळ्यात एका लेथवर सुरुवात केली. आज पाच लेथ, एक हायड्रॉलिक प्रेस, तीन वेल्डिंग मशीन आणि चौदा माणसं आहेत.

दोन महिन्यांपासून एकच विचार करून राहिलो आहे, की हे सगळं उचलून चंद्रपूरला न्यायचं का. गेल्या वर्षीची बिलं काढून बसलो तर शंभरातले बासष्ट रुपये चंद्रपूर, घुग्घुस, बल्लारपूर, वणी या भागातून आलेले निघाले. तुम्ही म्हणाल, नागपूरच्या उशाशी कोराडी आहे, खापरखेडा आहे, मौदा आहे, सगळी वीज केंद्रं, मग इतक्या लांब काहून जायचं? पण हिंगणा, बुटीबोरी, कळमेश्वरात माझ्यासारखे पुष्कळ आहेत. एका चौकशीला नऊ-दहा कोटेशनं जातात आणि नगामागं पन्नास पैशांवरून ऑर्डर हुकते. चंद्रपूरला एकट्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट, भोवती वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या) कोळसा खाणी, घुग्घुसला स्पंज आयर्न, पलीकडं सिमेंटचे कारखाने. जिकडं जावं तिकडं पट्टे.

मनाला लागलेली गोष्ट मात्र वेगळी आहे. गेल्या जुलैत रात्री साडेदहाला तिकडच्या एका प्लांटमधून फोन आला. पट्टा थांबलाय, रिटर्नचे, म्हणजे खालून रिकामा परतणारा पट्टा पेलणारे, चाळीस रोलर पाहिजेत, आत्ताच्या आत्ता. माझ्याकडं बावीस तयार होते. मी आणि दोन पोरांनी मिळून बाकीचे अठरा जुळवले, दीड वाजता पिकअप निघाली. जाम गावापर्यंत ठीक गेलो, पुढं वरोऱ्याच्या अलीकडं झाड पडलेलं आणि पाऊस असा की काचेपलीकडचं दिसेना. गेटवर पोचलो तेव्हा सहा वाजले होते. तोवर चंद्रपूरच्याच एका वर्कशॉपवाल्यानं प्लांटमधले जुने रोलर नेऊन, बेअरिंग बदलून परत आणून बसवलेही होते. साहेबांनी माझे आठ ठेवून घेतले, बत्तीस परत आले. त्यांचा दोष नाही. कोळशाचा बंकर (साठ्याची टाकी) रिकामा होत असताना ते माझी वाट किती बघणार?

येताना निकामी झालेल्यातला एक रोलर मागून आणला. त्यावर शिक्का आमचाच होता. बेअरिंग जाम झालं, रोलर फिरायचा थांबला, पट्टा वरून घासत राहिला आणि पाइप एका अंगानं झिजत झिजत फाटला. फाटलेली कड विळ्यासारखी, अंगठा लावला तर रक्त येईल अशी. घरी येऊन सील उघडलं. आतल्या ग्रीसचा काळा चिखल झालेला, बोटांत घेतला की रवाळ लागत होता. बसवून सातच महिने झाले होते. तो रोलर माझ्या टेबलावर ठेवला आहे, रोज सकाळी आल्या आल्या दिसतो.

चौदापैकी चार जण यायला तयार आहेत. आमचे सगळ्यांत जुने टर्नर काका अठ्ठावन्न वर्षांचे आहेत, वानाडोंगरीला त्यांचं घर. ते म्हणाले, "मी काही येणार नाही, पण तू जाऊ नको असंही म्हणणार नाही." बायको इथं शाळेत शिकवते, मुलगी आठवीत, आईला दमा आहे. चंद्रपूरजवळच्या ताडाळी एमआयडीसीत शेडसकट एक प्लॉट दाखवला आहे. हिंगण्याचा विकायला काढला तर तो घेता येतो. काढू का?


हिशोबवाली ताई, प्रतापनगर

दादा, मी छोट्या उद्योगांची हिशोबाची कामं बघते, म्हणून तेवढ्यापुरतंच सांगते. राज्य एकच असल्यानं जीएसटी क्रमांक तोच राहील, चंद्रपूरची जागा 'अतिरिक्त व्यवसायस्थळ' म्हणून जोडायची. उद्यम नोंदणीतही (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) दुसरं युनिट त्याच नोंदणीत घालता येतं. म्हणजे कागदासाठी हिंगणा सोडण्याची गरज नाही.

एमआयडीसीचा प्लॉट आपला नसतो, पंच्याण्णव वर्षांचा भाडेपट्टा असतो. हस्तांतर करायचं तर महामंडळाची परवानगी आणि शुल्क, पोटभाड्यानं द्यायचा तरी परवानगी. तिकडचा घेताना मूळ मालकानं बांधकाम पूर्णत्वाचा दाखला घेतलाय का, पाण्याची आणि सेवा शुल्काची थकबाकी आहे का, हे कार्यालयात स्वतः जाऊन बघा. एजंटच्या तोंडावर जाऊ नका. वीजदराची सवलत सांगून कुणी भुलवत असेल तर विदर्भासाठीची सवलत २०१६ मध्ये आली ती नागपूरलाही धरूनच होती, त्यासाठी गाव बदलण्यात अर्थ नाही.

आणि एक मनापासून. बासष्ट टक्के विक्री तिकडची आहे हे तुम्ही काढलंत, तशी त्या बासष्टची वसुली किती दिवसांनी होते तेही काढा. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग कायद्यात लेखी करार असला तरी पंचेचाळीस दिवसांच्या वर उधारी नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दरानं, महिन्यामहिन्याला चक्रवाढ व्याज लागतं, आणि केंद्र सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर तक्रार करता येते. माझे निम्मे अशील पुढची ऑर्डर जाईल या भीतीनं साधं पत्रही पाठवत नाहीत. ज्या गावात तीन-चारच मोठे ग्राहक असतात तिथं ही भीती फार वाढते.


ताडाळीकर

भाऊ, तुमची पोस्ट दोनदा वाचली. मी २०१६ मध्ये नागपूरच्या वाडीतून ताडाळीला आलो. फॅब्रिकेशन, च्यूट (ज्यातून माल पट्ट्यावर पडतो ती घसरण), तिच्या आतल्या लायनर प्लेट आणि आता पुली लॅगिंग, म्हणजे पट्ट्याच्या पुलीवर रबर चढवणं. तुमच्याच वळणावर उभा होतो, म्हणून लांबलचक लिहितो.

आधी फायदा सांगतो, कारण तो खरा आहे. इथं माणूस दिसतो म्हणून काम मिळतं. प्लांटमधला फोरमन संध्याकाळी पडोलीच्या चौकात चहा प्यायला थांबतो, आणि उद्या कोणता च्यूट गळणार हे तो तिथं सांगतो, टेंडरमध्ये नाही. पहिल्या वर्षात मला जी कामं मिळाली ती सगळी रात्रीची होती. जो दोन तासांत पोचतो त्याचा दर कुणी घासत नाही.

आता माणसांचं. माझ्याबरोबर नऊ जण आले, दिवाळीपर्यंत दोन राहिले. ते माझ्यावर नाराज नव्हते. वीज केंद्रांची मोठी देखभाल बहुतेक पावसाळ्यात धरतात, तेव्हा विजेची मागणी उतरलेली असते. त्या महिना-दीड महिन्यात ठेकेदारांना वेल्डर, फिटर, रिगर (जड सामान उचलून बसवणारे) लागतात आणि ते दिवसाला दुप्पट मजुरी देतात. तुमचा वेल्डर पाया पडून सांगतो, शेठ, एवढा महिना जाऊ द्या, बहिणीचं लग्न आहे. काय अडवणार? आणि त्याच महिन्यात ओल्या कोळशानं च्यूट तुंबतात, रोलर जाम होतात, तुमचे फोन वाजायला लागतात. मी आता वर्षभर थोडा जास्त पगार देतो, पावसाळ्याचा बोनस वेगळा, आणि दोन पोरांना स्वतः शिकवून तयार केलं आहे. आसपासच्या गावातली पोरं आहेत, ती टिकली. तुम्ही नागपूरची माणसं आणून चालवाल तर दर वर्षी पहिल्यापासून सुरू कराल.

उन्हाळा नागपूरचा माहीत आहे म्हणून हलक्यात घेऊ नका. पहिल्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी दोन वाजता माझा एक ग्राइंडरवाला चक्कर येऊन पडला. सलाइन लावावं लागलं. त्या दिवसापासून उन्हाळ्यात पाळी सकाळी सहा ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते नऊ. शेड घ्याल तेव्हा आधी छताची उंची बघा, मग बाकीचं.

आईच्या दम्याचं तुम्ही एका ओळीत लिहून पुढं गेलात. भाऊ, ते एका ओळीचं नाही. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं देशातले अतिप्रदूषित औद्योगिक भाग काढले, त्यात चंद्रपूर होतं. त्यानंतर यंत्रणा बसल्या, सुधारणा झाल्या, पण हिवाळ्याच्या सकाळी माझ्या गाडीच्या टपावर बोटानं नाव लिहिता येतं. माझा मोठा मुलगा पहिली दोन वर्षं खोकत होता. आईला आणायच्या आधी डॉक्टरांना विचारा, आणि डिसेंबरात आठ दिवस इथं ठेवून बघा.

पैशाचं सगळ्यात शेवटी, कारण मी तिथंच मार खाल्ला. मला वाटायचं माझे सहा ग्राहक आहेत. वीज केंद्रातला एक ठेकेदार, खाणीतले दोन, कोळसा धुणारा वॉशरीवाला, राख वाहणारा, ट्रकांची बॉडी दुरुस्त करणारा. २०२० च्या टाळेबंदीत कारखाने बंद, विजेची मागणी पडली, संच बंद ठेवावे लागले, आणि सहाच्या सहा ग्राहक एकाच आठवड्यात गप्प झाले. तेव्हा उमगलं, की सहाही जण एकाच विहिरीवर पाणी भरत होते. एका पार्टीकडं माझं बिल चौदा महिने अडकलं. घरातलं सोनं बँकेत ठेवून मी पगार केले. पत्नी एक शब्द बोलली नाही, त्या गोष्टीचं मला आजही वाईट वाटतं.

लांब कशाला, तुमच्या बुटीबोरीतलाच ६०० मेगावॅटचा वीज प्रकल्प बघा. २०१९ पासून तो वर्षानुवर्षं बंद उभा होता. त्याच्या भरवशावर ज्यांनी क्रेन घेतल्या, गाळे घेतले, त्यांनी काय केलं असेल?

त्यानंतर मी गडचांदूर, आवारपूरकडं फिरायला लागलो. सिमेंटवाल्यांचा खाणीपासून भट्टीपर्यंत पट्टाच असतो, आणि त्यांची मंदी वेगळ्या वेळी येते. आता सुरजागडचं लोहखनिज निघायला लागल्यापासून गडचिरोलीकडूनही विचारणा येते. म्हणून तुम्हाला म्हणतो, कोळशासाठी चंद्रपूरला येऊ नका, पट्ट्यांसाठी या. बासष्ट रुपयांतले किती वीज आणि खाणीचे, किती सिमेंट आणि लोखंडाचे, ते वेगळे काढा. दुसरा आकडा वीसच्या खाली असेल तर आधी तो वाढवा.

हिंगणा मात्र काढू नका. मी वाडीची जागा विकली. आज बेअरिंगचा मोठा लॉट, चांगली पाइप, हीट ट्रीटमेंट, सगळ्यासाठी माझा माणूस नागपूरलाच पळतो. तिथं पाय ठेवायला माझी स्वतःची हातभर जागा नाही.


दुर्गापूरची

ताडाळीकर दादांनी सगळं सांगितलं, माझं एवढंच. दुसरी पाळी ठेवणार असाल तर माणसांना रात्री घरी सोडायला गाडी ठेवा. ऊर्जानगर, दुर्गापूरच्या झुडपांत वाघ-बिबट्या फिरतात, माणसं गेली आहेत. नागपूरहून येणाऱ्यांना ही ताडोबाची गंमत वाटते. आमच्या घरी बाबा सायकलवरून पाळीला जायचे तेव्हा ते येईपर्यंत आई दारात उभी असायची.


निवृत्त सीएचपी

मी एका औष्णिक केंद्राच्या कोळसा हाताळणी विभागात एकतीस वर्षं काढली. धंदा कुठं न्यावा हे मी सांगू शकत नाही, पण तुमच्या टेबलावरच्या रोलरबद्दल सांगू शकतो.

रिटर्नचा रोलर सात महिन्यांत गेला आणि आत रवाळ चिखल निघाला, म्हणजे तो बहुतेक च्यूटच्या खाली किंवा हेड पुलीच्या, म्हणजे पट्टा जिथं माल टाकून वळतो त्या पुलीच्या, जवळ असणार. स्क्रॅपर (पट्टा खरवडणारी पाती) नीट बसलेला नसला की ओली भुकटी पट्ट्याला चिकटून खालच्या बाजूनं परत येते आणि पहिल्या आठ-दहा रोलरवर साचते. तिथं साधं सील टिकत नाही. त्याच पट्ट्यावर मधल्या भागातले तुमचेच रोलर पाच-पाच वर्षं फिरत असतील. आम्ही खरेदी करताना सगळे रोलर एकाच वर्णनाचे मागवायचो, सर्वांत कमी दरवाल्याला द्यायचो, आणि घाण जागेवरचे रोलर दर पावसाळ्यात बदलायचो. चूक आमचीही होती.

त्या जागांसाठी रबर रिंगचा रिटर्न रोलर द्या. सीलमधल्या लॅबिरिंथच्या (धूळ अडवणाऱ्या वळणवाटेच्या) पायऱ्या वाढवा, सीलमधली पोकळी ग्रीसनं पूर्ण भरा, बेअरिंग सी-३ क्लिअरन्सचं, म्हणजे आत थोडी जास्त मोकळीक असलेलं, घाला. आणि प्रत्येक रोलरवर महिना-वर्ष पंच करा. तुमच्या शिक्क्यावर तारीख आहे का? नसेल तर कुठला रोलर किती जगला हे तुम्हाला कधीच कळणार नाही. मग तुम्ही हिंगण्यात बसा की ताडाळीत.

पुढच्या काळाचं थोडं. ५०० मेगावॅटचा एक संच पूर्ण भारावर दिवसाला सात-आठ हजार टन कोळसा खातो. चंद्रपूरचे सातही संच भरून चालले तर चाळीस हजार टनांच्या पुढं जातं. तेवढ्या कोळशानं रोलर झिजतातच. पण आता दुपारी सौर वीज येते आणि कोळशाच्या संचांना भार उतरवावा लागतो. २०२३ च्या केंद्रीय नियमांनी त्यांना ५५ टक्क्यांपर्यंत खाली येता आलं पाहिजे असं ठरवलं, आणि पुढं ४० टक्क्यांचं उद्दिष्ट ठेवलं. कोळसा कमी जळला की पट्टे कमी तास चालणार. चंद्रपूरचे २१० मेगावॅटचे पहिले दोन संच बंद झालेच आहेत, त्यांच्या बरोबरीचे उरलेले दोनही १९८० च्या दशकातले आहेत. मोठे संच माझ्या मते बरीच वर्षं चालतील. पण तुमच्या मुलीच्या हातात वर्कशॉप जाईल तेव्हा चित्र हेच असेल असं धरून प्लॉट घेऊ नका.


रोलरवाला, हिंगणा

काका, तुमचं वाचून तडक प्लांटच्या साहेबांना फोन केला. रोलर हेड पुलीपासून पाचवा होता. चाळीसपैकी एकतीस जागा तिथल्याच, च्यूटच्या आसपासच्या. मी इतके दिवस दीडशे किलोमीटरला दोष देत होतो. आमच्या शिक्क्यावर तारीख नाही. सोमवारपासून असेल.

ताडाळीकर दादा, तुम्ही सांगितलेलं वेगळं काढलं. बासष्टपैकी सिमेंट आणि लोखंडाचे फक्त अकरा. आणि ताई, तिकडची वसुली सरासरी एकशे दहा दिवसांनी होते, तर नागपूरची साठ. हे आकडे माझ्याच कपाटात होते, मी कधी बाहेर काढले नव्हते. दोन बिलांची पत्रं काल रजिस्टर पोस्टानं पाठवली. हात थरथरत होता, पण पाठवली.

तर हिंगणा काढत नाही, प्लॉटवाल्याला नाही म्हणून कळवलं. जून ते सप्टेंबर मी स्वतः तिकडं राहणार. चंद्रपुरात तुकूममध्ये एक खोली बघितली आहे. एक लेथ, छोटी प्रेस आणि बेअरिंगचा साठा घेऊन फक्त दुरुस्ती करायची, आणि माझा निघालेला प्रत्येक रोलर उघडून कुठल्या जागेवरचा, किती महिन्यांचा, कशानं गेला ते वहीत लिहायचं. गडचांदूरला आठवड्यातून एकदा जायचं. मुलगी, बायको, आई इथंच. दुर्गापूरच्या ताई, रात्रीच्या पोरांसाठी गाडी ठेवतो.

काल टर्नर काकांना हे सांगितलं. बराच वेळ ते लेथ पुसत राहिले. मग म्हणाले, पावसाळ्यापुरतं असेल तर पहिला महिना मी येतो, नव्या पोराचा हात बसेपर्यंत. आणि न्यायची तर बाबांची जुनी लेथ ने, तिच्या स्क्रूला किती खेळ आहे ते मला डोळे मिटून माहीत आहे.

पडोली ते ताडाळी रस्त्यावर चार महिन्यांसाठी, थ्री फेज असलेलं, पंधरा बाय तीसचं शेड कुणाच्या बघण्यात आहे का? छत उंच पाहिजे.